एशियाडचा वारसा : दूरदर्शनच्या क्रीडाप्रक्षेपणाची वाटचाल

मार्च १९५१ मध्ये दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पहिली आशियाई क्रीडास्पर्धा भरली. ११ देशांचे खेळाडू आले. सचिन नाग यांनी जलतरणात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. दिल्लीबाहेरच्या माणसाने ही स्पर्धा आकाशवाणीवर ऐकली, वर्तमानपत्रात वाचली आणि पुढे कधीतरी चित्रपटगृहात, मुख्य चित्रपट सुरू होण्याआधी, फिल्म्स डिव्हिजनच्या वार्तापटात दोन-चार मिनिटे पाहिली. देशात दूरचित्रवाणी नव्हतीच. ३१ वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, हीच स्पर्धा ‘एशियाड’ म्हणून पुन्हा दिल्लीत भरली तेव्हा ती देशाच्या अनेक शहरांत घराघरांत पोचली, आणि तीही रंगीत. भारतीय दूरचित्रवाणीचा आजचा विस्तार ज्या सोळा दिवसांच्या निमित्ताने सुरू झाला ते हे दिवस. त्यांच्या आधीची तयारी, त्यांतले यश आणि उणिवा, आणि त्यानंतर दूरदर्शनच्या क्रीडाप्रक्षेपणाने पाहिलेले चढउतार यांची ही नोंद.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली. ती आकाशवाणीचीच एक शाखा होती. आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास, एवढाच तिचा पसारा. युनेस्कोच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या प्रयोगाचा हेतू लोकशिक्षणाचा होता. नागरिकांची कर्तव्ये, आरोग्य, वाहतुकीचे नियम असे विषय प्रामुख्याने हाताळले जात. १९६१ पासून दिल्लीच्या शाळांसाठी पाठ दाखवले जाऊ लागले. दैनंदिन प्रक्षेपणासाठी १९६५ साल उजाडावे लागले. या चौकटीत खेळाला जागा कुठून असणार? १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकची चित्रे सिन्कॉम-३ या उपग्रहावरून पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेत पोचली. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० असे हरवून सुवर्ण परत मिळवले. तो विजय भारतीयांनी ऐकला, पाहिला नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेली चित्रे पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात दिसू लागली. त्यानंतर श्रीनगर, अमृतसर, कोलकाता, चेन्नई, लखनौ अशी केंद्रे १९७५ पर्यंत उभी राहिली. प्रत्येक केंद्राचे विश्व स्वतंत्र होते. मुंबईतला कसोटी सामना मुंबई-पुण्याला दिसे, नागपूरकराला मात्र रेडिओच धरून बसावे लागे. दोन केंद्रांना कायम जोडणारा दुवाच नव्हता.

मैदानावरून थेट प्रक्षेपण म्हणजे काय, हे त्या काळच्या साधनसामग्रीकडे पाहिले की कळते. स्टेडियमबाहेर उभी राहणारी ओबी व्हॅन म्हणजे एक फिरता नियंत्रणकक्ष. मैदानातल्या प्रत्येक कॅमेऱ्याची जाड केबल तिच्यापर्यंत ओढायची. आत बसलेल्या निर्मात्याने समोरच्या पडद्यांतून क्षणाक्षणाला एक चित्र निवडायचे. ते सूक्ष्मलहरींच्या दुव्याने केंद्राकडे पाठवायचे. मधे एखादी उंच इमारत आली तर दुवा तुटे, म्हणून आधी गच्च्यांवर चढून सरळ रेषा मिळते का ते पाहावे लागे. कॅमेरे मोजकेच असत. क्रिकेटमध्ये मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला असे, त्यामुळे एका षटकात गोलंदाजाची पाठ आणि पुढच्या षटकात फलंदाजाची पाठ पाहण्याची प्रेक्षकांना सवय झाली होती. त्याबद्दल कुणी फारशी तक्रार केली नाही. चाळीत ज्या एका घरात टीव्ही होता तिथे दाटीवाटीने बसलेल्या माणसांना चित्र दिसते आहे, याचेच अप्रूप होते.

१९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने साइट हा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर उपग्रहावरून थेट कार्यक्रम पोचवले गेले. खेळाशी त्याचा संबंध नव्हता. तरीही उपग्रह, खेड्यातली तबकडी आणि दुरुस्तीसाठी फिरणारा तंत्रज्ञ ही साखळी भारतात चालू शकते, हे त्याने सिद्ध केले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी झाली आणि दूरदर्शन ही स्वतंत्र यंत्रणा अस्तित्वात आली. परदेशातून येणारे संकेत उतरवून घेण्याची सोय त्याआधीच झाली होती. अशा प्रकारचे देशातले पहिले व्यापारी भूकेंद्र पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या आर्वी येथे, सत्तरच्या दशकाच्या आरंभी उभे राहिले आणि विक्रम साराभाईंच्या नावाने ओळखले गेले.

तरीही सत्तरचे दशक रेडिओचेच. मार्च १९७५ मध्ये क्वालालंपूरला अजितपालसिंगच्या संघाने पाकिस्तानला २-१ ने हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला, तो देशाच्या स्मरणात राहिला जसदेव सिंग यांच्या आवाजात. महाराष्ट्रात बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ऐकत क्रिकेट समजलेली एक पिढी होती. या समालोचकांना चित्राचा आधार नव्हता. शब्दच चित्र काढत. पुढे हीच माणसे दूरदर्शनसाठी बोलू लागली तेव्हा पडद्यावर दिसतच असलेली गोष्ट पुन्हा सांगण्याची सवय त्यांना लवकर सुटली नाही. ती सवय दूरदर्शनच्या समालोचनाला बराच काळ चिकटून राहिली, हे मान्य केले पाहिजे.

१९८२ च्या स्पर्धेचे यजमानपद दिल्लीकडे आल्यावर प्रश्न केवळ स्टेडियम बांधण्याचा राहिला नाही. यजमान देशाच्या दूरचित्रवाणीला दुहेरी जबाबदारी असते. स्वतःच्या प्रेक्षकांना खेळ दाखवायचाच, शिवाय सहभागी देशांच्या वाहिन्यांना त्यांच्या वापरासाठी निःपक्ष चित्रसंकेत पुरवायचा. या संकेतात घरच्या खेळाडूवर कॅमेरा रेंगाळून चालत नाही. शर्यतीत पाचवा आलेला यजमानांचा असला, तरी चित्र पहिल्याचेच द्यावे लागते. जपानसह अनेक देश तोवर रंगीत प्रक्षेपणात स्थिरावले होते. त्यांना कृष्णधवल चित्रे देणे यजमानाला शोभणारे नव्हते. म्हणजे रंगीत कॅमेरे हवे, नव्या ओबी व्हॅन हव्या, आणि त्या चालवणारी माणसेही तयार करायला हवी.

या निर्णयामागे ठामपणे उभे राहिले ते तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे. वर्ध्याहून लोकसभेवर निवडून आलेल्या साठेंनी रंगीत दूरचित्रवाणीचा आग्रह धरला तेव्हा त्यांच्यावर कडाडून टीका झाली. ज्या देशात पिण्याच्या पाण्याची सोय नाही तिथे रंगीत टीव्हीचे चोचले कशाला, हा सवाल संसदेबाहेर आणि आतही उमटला. सवाल गैर नव्हता. साठेंचे म्हणणे असे की जग ज्या तंत्राकडे गेले आहे त्याकडे उशिरा जाणे म्हणजे तेच यंत्र नंतर अधिक महाग घेणे. काळाने साठेंना खरे ठरवले. टीकाकारांचा मूळ प्रश्न मात्र त्यामुळे खोटा ठरला नाही.

१० एप्रिल १९८२ रोजी इन्सॅट-१ए हा उपग्रह अवकाशात गेला. १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे दिल्लीहून निघालेला एकच कार्यक्रम सगळ्या केंद्रांवर एकाच वेळी दिसू लागला. त्याच दिवशी लाल किल्ल्यावरचा स्वातंत्र्यदिनाचा सोहळा रंगीत दाखवला गेला. युरोपातून आलेली पाल ही रंगपद्धती भारताने स्वीकारली होती. तयारी मार्गी लागली असे वाटत असतानाच ६ सप्टेंबरला इन्सॅट-१ए निकामी झाला. स्पर्धा अडीच महिन्यांवर आलेली. त्याच सुमारास खातेबदल होऊन साठेंच्या जागी माहिती व नभोवाणी खात्याचा कार्यभार राज्यमंत्री म्हणून नागपूरच्या एन. के. पी. साळवे यांच्याकडे आला. परदेशी उपग्रहावरची क्षमता भाड्याने घेऊन काम निभावायचे ठरले. हा निर्णय कागदावर एका ओळीचा. प्रत्यक्षात प्रत्येक केंद्रावरची तबकडी नव्या दिशेला वळवण्यापासून सगळी जुळणी पुन्हा करावी लागते. अभियंत्यांनी ती केली.

स्पर्धेच्या निमित्ताने देशात वीस कमी क्षमतेचे प्रक्षेपक बसवण्यात आले. शंभर वॉटचा असा प्रक्षेपक म्हणजे एक छोटी खोली, एक मनोरा, उपग्रहाकडे तोंड करून बसलेली तबकडी आणि दोन-तीन माणसे. त्याचा आवाका पंधरा-वीस किलोमीटर. कार्यक्रम निर्माण करण्याची सोय तिथे नव्हती, फक्त दिल्लीचे चित्र पकडून गावाला द्यायचे. पण ज्या शहराला टीव्ही म्हणजे काय हे ठाऊक नव्हते त्याला ते एका रात्रीत ठाऊक झाले. सरकारने रंगीत संचांच्या आयातीचे नियम सैल केले, देशी कंपन्यांनी परदेशी सुटे भाग जुळवून संच बाजारात आणले, आणि पोस्टात टीव्हीच्या परवान्यासाठी रांगा लागल्या.

१९ नोव्हेंबर १९८२ रोजी जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर उद्घाटन झाले. ३३ देशांचे संघ, २१ खेळ. राष्ट्रपती झैलसिंग यांनी स्पर्धा सुरू झाल्याचे जाहीर केले. बलबीरसिंग आणि डायना सिम्स यांनी ज्योत पेटवली. धावपटू गीता जुत्शीने शपथ घेतली. पंडित रविशंकर यांनी संगीतबद्ध केलेले स्वागतगीत देशभर घुमले, आणि अप्पू हा हत्तीचे पिल्लू असलेला शुभंकर शाळकरी मुलांच्या वहीच्या पुठ्ठ्यापर्यंत जाऊन पोचला. पुढचे सोळा दिवस दूरदर्शनने जे दाखवले त्याची सवय ना दाखवणाऱ्यांना होती ना पाहणाऱ्यांना. एका वेळी अनेक मैदानांवर खेळ चालू. कुठे जायचे हे ठरवणारा कक्ष वेगळा. एका मैदानावरून दुसरीकडे जाताना समालोचकाचा आवाज आणि चित्र यांची चुकामूक होई. जिम्नॅस्टिक्सची गुणपद्धती समजावून सांगणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. घोडेस्वारी आणि गोल्फ तर बहुतेक प्रेक्षकांनी पहिल्यांदाच पाहिले, आणि दोन्हींत भारताला सुवर्ण मिळाले हेही पाहिले.

या स्पर्धेने दूरदर्शनला पहिली क्रीडानायिका दिली. केरळची अठरा वर्षांची पी. टी. उषा १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्य मिळवताना दिसली. फिलिपाईन्सची लिडिया डी व्हेगा १०० मीटरमध्ये तिच्या पुढे होती. दोघींमधले अंतर लोकांनी डोळ्यांनी मोजले. एम. डी. वलसम्माने ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली, चार्ल्स बोरोमियोने ८०० मीटर, कुस्तीत सतपालने सुवर्ण मिळवले. भारताच्या खात्यावर १३ सुवर्णांसह ५७ पदके जमा झाली आणि देश पाचवा आला. चीनने प्रथमच जपानला मागे टाकून पहिले स्थान घेतले. महाराष्ट्राच्या दृष्टीने एक नोंद करायला हवी. कबड्डी या स्पर्धेत केवळ प्रदर्शनीय खेळ होता. पदकांसह त्याचा समावेश १९९० च्या बीजिंग स्पर्धेत झाला आणि तिथे भारताचे एकमेव सुवर्ण कबड्डीचेच ठरले. चढाईसाठी खास कॅमेरे लावले, मॅटवर प्रकाश नीट टाकला तर हा खेळ पडद्यावर किती रंगतो, हे २०१४ पासून खासगी वाहिनीने प्रो कबड्डी लीगमधून दाखवले. दूरदर्शनजवळ तो खेळ तीस वर्षे आधीपासून होता. ही संधी गमावल्याची नोंद या इतिहासात असली पाहिजे.

१ डिसेंबर १९८२ हा दिवस वेगळ्या अर्थाने महत्त्वाचा. पुरुष हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताचा ७-१ असा पराभव केला. यापूर्वीचे पराभव लोकांनी दुसऱ्या दिवशी वाचले होते. हा गोलामागून गोल असा, घरात बसून, थेट पाहिला. गोलरक्षक मीररंजन नेगी यांना पुढे जो रोष सोसावा लागला त्यात या थेट पाहण्याचा वाटा मोठा होता. खेळाडूचा चेहरा जवळून दाखवण्याची ताकद दूरचित्रवाणीला मिळाली होती. त्या ताकदीबरोबर येणारी जबाबदारी ना निर्मात्यांना पुरती कळली होती ना प्रेक्षकांना. त्याच स्पर्धेत महिला हॉकी संघाने सुवर्ण जिंकले. त्याची आठवण किती जणांना आहे?

४ डिसेंबरला स्पर्धा संपली. त्याच महिन्यात दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करण्यासाठी पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला. यंत्रे आली, आता त्यांच्यावर दाखवायचे काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. दरम्यान, ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि तो नीट चालला. १९८४ मध्ये काही महिने तर सरासरी दिवसाला एक या वेगाने देशात प्रक्षेपक बसत गेले. त्या जाळ्यावरून पुढे ‘हम लोग’ आणि ‘रामायण’ देशभर गेले. मालिकांच्या युगाचा इतिहास लिहिणारे एशियाडचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकतात. जाळे विणले गेले ते खेळासाठी, हे त्यांनी विसरू नये.

२५ जून १९८३ रोजी या जाळ्याची खरी कसोटी लागली. लॉर्ड्सवर १८३ धावांत बाद झालेल्या भारताने वेस्ट इंडीजला १४० वर रोखून ४३ धावांनी विश्वचषक जिंकला. हा सामना दूरदर्शनने थेट दाखवला. मधे संकेत तुटत होता, ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी येत होती, आणि तेवढ्यापुरता रेडिओ मोठा केला जात होता. याच स्पर्धेत १८ जूनला टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशा अवस्थेतून कपिलदेवने नाबाद १७५ धावा काढल्या. तिथे बीबीसीचा कॅमेरा नव्हता, म्हणून ती खेळी जगात कुणाकडेच चित्रित स्वरूपात नाही. आधुनिक काळातला एवढा मोठा क्रीडाप्रसंग केवळ शब्दांत उरावा, हे क्रीडाप्रक्षेपणाचे महत्त्व उलट बाजूने पटवणारे उदाहरण आहे.

१९८६ मध्ये मेक्सिकोतला फुटबॉल विश्वचषक दूरदर्शनने दाखवला. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. २२ जूनला अर्जेंटिना आणि इंग्लंडचा सामना भारतीय वेळेनुसार रात्री साडेअकराला सुरू झाला आणि मॅराडोनाचे ते दोन गोल गोव्यापासून कोलकात्यापर्यंत जागरण करून पाहिले गेले. १९८७ चा रिलायन्स विश्वचषक हे दूरदर्शनपुढचे पुढचे मोठे काम. साळवे आता क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद भूषवून भारत-पाकिस्तान संयुक्त समितीची धुरा सांभाळत होते. इंग्लंडबाहेर प्रथमच भरलेल्या या स्पर्धेत २७ सामने २१ मैदानांवर झाले. एशियाडचे सगळे खेळ मुख्यतः एका शहरात होते. इथे ओबी व्हॅनना देशभर धावावे लागले. ३१ ऑक्टोबरला नागपुरात चेतन शर्माने न्यूझीलंडचे तीन फलंदाज लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळाचीत केले आणि सुनील गावसकर यांनी एकदिवसीय सामन्यातले आपले एकमेव शतक झळकावले. पाच दिवसांनी वानखेडेवर ग्रॅहम गूचच्या शतकाने भारत उपांत्य फेरीत गारद झाला. दोन्ही दिवसांची चित्रे दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली आहेत, आणि परदेशातही त्याच कॅमेऱ्यांतून ती पाहिली गेली.

नव्वदचे दशक उजाडले तेव्हा दूरदर्शन आपल्या मक्तेदारीत काहीसे सुस्तावले होते. ऐन रंगात आलेला सामना थांबवून बातम्या लावणे, षटकाचा शेवटचा चेंडू जाहिरातीखाली गाडणे या गोष्टी प्रेक्षक निमूटपणे सोसत होते, कारण पर्याय नव्हता. सामने दाखवण्याबद्दल क्रीडासंघटनेला मोबदला द्यावा, ही कल्पनाच यंत्रणेला रुचत नव्हती. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आणि केबल आले आणि चित्र बदलले. १९९३ मध्ये हीरो चषकाचे हक्क बंगाल क्रिकेट संघटनेने टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले. सरकारी परवानगीवरून वाद झाला, कंपनीची यंत्रसामग्री कस्टम्समध्ये अडकली, प्रकरण आधी कोलकाता उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेले.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल भारतीय प्रसारणाच्या इतिहासातला मैलाचा दगड आहे. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने म्हटले की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, आणि ती कुणा खासगी धनिकाच्या हाती जाणेही तितकेच अयोग्य. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्या. सावंत मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले. चार-दोन क्रिकेट सामन्यांच्या भांडणातून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा मूलभूत विचार पुढे यावा, हे विशेष. दूरदर्शनचा तो पराभव होता असे तेव्हा म्हटले गेले. पण सरकारी खाते म्हणून जगण्याऐवजी सार्वजनिक संस्था म्हणून जगण्याचा मार्ग त्याच निकालाने दाखवला. १९९० चा प्रसार भारती कायदा कागदावरच पडून होता. तो सप्टेंबर १९९७ मध्ये अमलात आला आणि नोव्हेंबरमध्ये दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारे प्रसार भारती हे महामंडळ अस्तित्वात आले. १९९८ मध्ये डीडी स्पोर्ट्स ही स्वतंत्र क्रीडावाहिनी सुरू झाली.

आता लढाई हक्कांची होती. क्रिकेटच्या हक्कांचे आकडे दूरदर्शनच्या आवाक्याबाहेर गेले. मार्च २००४ मध्ये भारतीय संघ पाकिस्तान दौऱ्यावर गेला तेव्हा हक्क टेन स्पोर्ट्स या खासगी वाहिनीकडे होते आणि केबल नसलेल्या घरांना तो दौरा दिसणार नव्हता. न्यायालयाच्या आदेशाने दूरदर्शनला संकेत मिळाला. सेहवागची मुलतानमधली ३०९ धावांची खेळी त्यामुळे खेड्यापाड्यांत पाहिली गेली. २१ जानेवारी २००७ रोजी नागपुरात वेस्ट इंडीजविरुद्धच्या एकदिवसीय सामन्याच्या वेळी वाद पुन्हा पेटला. हक्क निंबस या खासगी कंपनीकडे होते. न्यायालयात तडजोड निघाली ती सात मिनिटे उशिराच्या चित्रांची! शेजारच्या केबलवाल्या घरातून आरोळी आधी आणि आपल्या पडद्यावर विकेट नंतर, अशी ती सोय. पुढच्याच महिन्यात वटहुकूम आणि मार्चमध्ये कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या क्रीडास्पर्धांचा संकेत हक्कधारक वाहिनीने प्रसार भारतीला दिलाच पाहिजे, आणि जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारकाला किमान ७५ टक्के व प्रसार भारतीला २५ टक्क्यांपर्यंत, असे या कायद्याचे सार. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादा घातली. असा संकेत दूरदर्शनने आपल्या प्रक्षेपकांवरून आणि आपल्या मोफत डीटीएच सेवेवरून द्यावा. केबलवाल्यांकडे तो जाऊ नये.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाली आणि प्रसार भारती पुन्हा यजमान प्रक्षेपक ठरली. या वेळी चित्रे हाय डेफिनिशनमध्ये गेली. भारताने ३८ सुवर्णांसह १०१ पदके मिळवली. महिलांच्या थाळीफेकीत तिन्ही पदके भारतीयांना मिळाली. चित्रांच्या दर्जाबद्दल फारशी तक्रार झाली नाही. तक्रार झाली ती चित्रीकरणाचे कंत्राट परदेशी कंपनीला ज्या पद्धतीने दिले गेले त्याबद्दल. स्पर्धेच्या चौकशीसाठी नेमलेल्या शुंगलू समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. एशियाडच्या वेळी माणसे घडवण्यावर भर होता, २०१० मध्ये काम बाहेर देण्यावर, हा फरक या वाटचालीचा अभ्यास करणाऱ्याने टाळू नये. जगभरच मोठ्या स्पर्धांचे चित्रीकरण असे विशेष संस्थांकडे जात होते, हेही खरे. ऑलिंपिक समितीने तर २००१ मध्ये स्वतःची प्रसारणसंस्था स्थापन केली, आणि पुढे यजमान देशाकडे ते काम राहिले नाही.

आजचे चित्र असे. मनोऱ्यांवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले. एशियाडसाठी बसवलेल्या त्या शंभर वॉटच्या खोल्यांचे काम संपले. त्यांची जागा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि आता डीडी फ्री डिश नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेवेने घेतली. तबकडी आणि डबा एकदा विकत घेतला की महिन्याला पैसे भरावे लागत नाहीत. ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या दिवशी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. हक्क खासगी कंपनीकडे होते, तरी डीडी स्पोर्ट्सवर ऑलिंपिक विनामूल्य दिसत होते. १९५२ मध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्य मिळवले तेव्हा त्यांच्या गावाला त्या कुस्तीचे चित्र पाहण्याची काही सोयच नव्हती.

या साऱ्या काळात पडद्यावर नाव आले ते समालोचकांचे. जसदेव सिंग यांना पद्मभूषण मिळाले, ते योग्यच झाले. पण उन्हात मचाणावर दिवसभर उभे राहिलेले कॅमेरामन, सप्टेंबर १९८२ मध्ये तबकड्या वळवणारे अभियंते, ओबी व्हॅनचे चालक, केबल ओढणारे मदतनीस, छोट्या प्रक्षेपकावर रात्रपाळी करणारे तंत्रज्ञ यांच्या आठवणी अजून कुणी गोळा केलेल्या नाहीत. एशियाडच्या वेळी पंचविशीत असलेली ही माणसे आज सत्तरीच्या आसपास आहेत. वरळी, पुणे, नागपूर, पणजी इथल्या केंद्रांतून निवृत्त झालेल्यांनी आपल्या आठवणी लिहून काढाव्यात, जवळची छायाचित्रे आणि कामाच्या वह्या जपून ठेवाव्यात आणि प्रसार भारतीच्या संग्रहाकडे त्यांच्या प्रती द्याव्यात. संस्थेचा पुढचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांची गरज पडणार आहे.